बारमाही घरशाळेचे वर्ष आखताना

जून 2023 मध्ये आम्ही थोरल्या मुलीला आणि मधल्या मुलाला शाळेतून काढून घरी शिकवायला सुरुवात केली, तेव्हा नातेवाइकांनी विचारलेले बहुतेक प्रश्न अभ्यासक्रमाचे, परीक्षेचे आणि "लोकांत मिसळणार कसे" याचे होते. वर्ष कसे आखणार, हे कोणीच विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही तो प्रश्न गंभीरपणे घेतला नव्हता. मी डी.एड. झालेली आहे, लग्नाआधी आणि नंतर मिळून सहा वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवलेले आहे. वार्षिक नियोजन आणि घटक नियोजन मी डोळे मिटून लिहू शकते, असा माझा समज होता. शाळेतील नियोजन कोणीतरी आधीच ठरवून दिलेल्या सुट्ट्यांच्या भोवती बसवायचे असते, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नव्हते. घरी सुट्टीही आपणच ठरवायची असते आणि वर्षाची आखणी नेमकी तिथेच अडते.

आम्ही मिरजेत राहतो. यजमान एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतात. त्यांची ड्युटी सकाळ, दुपार आणि रात्र अशी दर आठवड्याला बदलते. घरात सासूबाई आहेत आणि तेव्हा चार वर्षांची असलेली धाकटी आहे. घरी शिकवण्याचा निर्णय आम्ही शाळेवर रागावून घेतलेला नव्हता. बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांना शिकवण्याबद्दल जे सांगितले आहे, ते आमच्या घरात शाळा, शिकवणी आणि ड्युटी यांच्या फटीत कोठेच बसत नव्हते. यजमान रात्रपाळीहून सकाळी आठला येत आणि मुले त्याच वेळी रिक्षात बसत, त्यामुळे दर तिसऱ्या आठवड्यात बापलेकांची गाठ रविवारी उपासनेलाच पडे.

बारमाही आखणीची कल्पना एका नातेवाइकाने पाठवलेल्या अमेरिकन ख्रिस्ती अभ्यासक्रमातून आली. त्यात 36 आठवडे आणि 180 दिवसांचे पाठ होते, प्रत्येक पाठावर दिवसाचा क्रमांक होता, आणि सोबत एक टिपण होते की काही कुटुंबे हे पाठ वर्षभर पसरून सहा आठवडे अभ्यास आणि सातवा आठवडा विश्रांती अशा रीतीने घेतात. सहा आणि एक ही मांडणी पाहताच मला ती आपली वाटली, कारण सृष्टीच्या सात दिवसांपासून लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायातील सातव्या वर्षी पडीक ठेवायच्या जमिनीपर्यंत तिचे मूळ शास्त्रातच आहे. मी ती मांडणी तशीच्या तशी उचलली. जूनच्या पहिल्या सोमवारपासून सहा आठवडे मोजले, सातवा रिकामा सोडला, पुन्हा सहा मोजले, आणि वर्षाच्या शेवटापर्यंत प्रत्येक पाठासमोर तारीख टाकून त्याच्या चार प्रती झेरॉक्स करून आणल्या. एक प्रत फ्रिजवर लावली.

सासूबाईंनी ती चष्मा लावून वाचली आणि विचारले, "मे महिन्यातही शाळा? अगं, बैलालासुद्धा बेंदराला जू लावत नाहीत." माझे सासरे शेती करत. ख्रिस्ती घर असल्याने बेंदूर सण म्हणून साजरा होत नसे, पण त्या दिवशी गावात कोणाचाच बैल कामाला जुंपला जात नाही, त्यामुळे आमच्याही बैलांना सुट्टी असे. मी त्यांना सातव्या आठवड्याचे गणित समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "बरं, बघा." त्या एवढेच म्हणतात तेव्हा त्यांना पटलेले नसते, हे मला बारा वर्षांनंतर कळू लागले आहे.

ते वेळापत्रक पहिल्या तिमाहीत रखडले आणि डिसेंबरमध्ये संपूर्ण कोसळले. रखडण्याचे कारण तारखा हे होते. रात्रपाळीच्या आठवड्यात घर दुपारपर्यंत शांत ठेवावे लागे, मोठ्याने वाचन होत नसे, आणि राहिलेले पाठ पुढच्या तारखांच्या उरावर बसत. मुलगी फ्रिजवरचा कागद पाहून म्हणे, "आई, आपण नऊ दिवस मागे आहोत." कोणाच्या मागे, हे तिला सांगता येत नसे आणि मलाही. दिवाळीच्या आठवड्यात माझ्या मोजणीनुसार अभ्यास होता, कारण सातवा आठवडा त्याच्या पुढे पडत होता. पण गल्लीतील सारी मुले दिवसभर किल्ला करत असताना घरात बसून अपूर्णांक शिकवणे हे कोणत्याही माणसाला जमणारे काम नाही. डिसेंबरमध्ये नाताळच्या नाटकाच्या तालमी, शब्बाथ शाळेची (मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गाची) गाणी, रात्री घरोघर जाणारा कॅरल राउंड, करंज्या-चकल्यांचा फराळ आणि पाहुणे असे सारे एकावर एक आले. मी तरीही सकाळी नऊला मुलांना बसवत राहिले. रात्री साडेअकराला परतलेली मुले सकाळी झोपाळलेल्या डोळ्यांनी वहीकडे पाहत. नाताळच्या आधीच्या आठवड्यात तिघेही तापाने आजारी पडले, आणि ज्या आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांचा, अर्थ मुलांना घरात नीट शिकवायचा म्हणून हा सारा खटाटोप होता, तो काळ मी त्यांच्यावर ओरडण्यात घालवला. जानेवारी ते मे आम्ही वेळापत्रकाविना शिकलो. तसे बरेच झाले, पण मनात धाकधूक राहिली.

फेब्रुवारी 2024 मध्ये यजमानांच्या एका सहकाऱ्यांनी आम्हाला तासगावकडच्या त्यांच्या द्राक्षबागेत काढणी पाहायला नेले. बोलता बोलता मी विचारले की, बाग बारमाही असते तर तिला सुट्टी केव्हा मिळते. त्यांनी सांगितले की काढणी झाल्यावर वेलीला काही दिवस विश्रांती देतात, मग एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. एप्रिलच्या छाटणीत वेल जवळजवळ उघडी बोडकी होते आणि नव्या काड्या तयार होतात. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर त्याच काड्यांवर घड येतात. "या दोन तारखा आधी ठरतात, बाकीची औषधे, पाणी, मजूर त्यांच्या मागून येतात," असे ते म्हणाले. द्राक्षवेल आणि तिची छाटणी यांचा दृष्टांत असलेला योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय मी शब्बाथ शाळेत किती वेळा शिकवला असेल, पण छाटणीला वर्षातील ठरलेली वेळ असते आणि सारे वर्ष त्या वेळेवर टांगलेले असते, हे माझ्या कधी मनात आले नव्हते. माझी चूक मला तेथेच उमगली. मी आधी अभ्यास मोजला होता आणि विश्रांती जेथे उरेल तेथे टाकली होती.

मार्च आणि एप्रिलमध्ये मी नवी आखणी केली. या वेळी पाठ्यपुस्तके कपाटात ठेवली आणि भिंतीवरची 2024 व 2025 ची दोन कॅलेंडरे, मंडळीच्या (आमच्या चर्चच्या) कार्यक्रमांची यादी आणि यजमानांच्या ड्युटीचा तक्ता एवढेच टेबलावर घेतले. पहिले काम ठरवले ते म्हणजे ज्या आठवड्यांत आमच्या घरी अभ्यास होऊच शकत नाही ते आठवडे रंगवणे.

ख्रिस्ती वर्षाचे दोन भाग पडतात, हे माहीत असूनही आखणीसाठी मी त्याचा कधी उपयोग केला नव्हता. नाताळ 25 डिसेंबरला पक्का आहे आणि आगमनकाळाचा पहिला रविवार त्याच्या आधीच्या चार रविवारांवरून ठरतो, त्यामुळे तो फार तर आठवडाभर पुढेमागे होतो. 2024 मध्ये तो 1 डिसेंबरला होता. पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) मात्र 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्यामध्ये कोठेही येतो. 2024 मध्ये तो 31 मार्चला आला आणि 2025 मध्ये 20 एप्रिलला. लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ जेथून सुरू होतो तो राखेचा बुधवार, पवित्र सप्ताहाची सुरुवात करणारा झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि पन्नासाव्या दिवसाचा पेंटेकॉस्ट हे सारे त्याच्याबरोबर सरकतात. म्हणजे जून ते डिसेंबरचा आराखडा एकदा बसला की दरवर्षी थोड्या फरकाने चालतो, पण जानेवारी ते मे दरवर्षी नव्यानेच आखावा लागतो. अमेरिकन अभ्यासक्रमात ही अडचण जाणवत नाही, कारण तो उन्हाळ्याच्या सुट्टीभोवती बेतलेला आहे; त्यातील बर्फाच्या सुट्ट्यांचे रकाने आम्हाला मुळीच उपयोगाचे नव्हते.

आमच्या रकान्यात त्या जागी पाणी येते. सांगलीत 2005, 2019 आणि 2021 या वर्षांचे पूर पाहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती, आणि ती ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातील गोष्ट होती. 2021 चे पाणी जुलैच्या अखेरीस आले. आमचे घर उंचावर आहे, परंतु माझ्या नणंदबाई सांगलीच्या सखल भागात राहतात, आणि पाणी वाढू लागले की त्यांचे कुटुंब आमच्याकडे येते. म्हणून जुलैचा चौथा आठवडा मी पूर्ण रिकामा ठेवला आणि त्यापुढचे दोन आठवडे हलके धरले. पाणी आले नाही तर तेवढी विश्रांती मिळेल, आले तर घर मोकळे असेल, असा हिशेब होता.

वर्षाची सुरुवात कोठून करायची, यावर यजमान आणि मी दोन संध्याकाळी बोललो. मला आगमनकाळापासून सुरुवात करायची होती, कारण मंडळीचे वर्ष तेथून सुरू होते आणि कल्पना म्हणून ती देखणी होती. यजमानांचे म्हणणे असे पडले की आपल्याला कधी ना कधी मुलांना शाळेत परत पाठवावेसे वाटले तर वर्ग जूनमध्ये सुरू होतील, बालभारतीची पुस्तके जूनच्या वर्गाप्रमाणे असतील, आणि भेटणारा प्रत्येक माणूस "आता कितवीला?" हे जूनच्या हिशेबानेच विचारील. शिक्षण हक्क कायद्यात वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद असल्याने दार बंद होत नाही, हे खरे; तरी दारातून आत जाणाऱ्या मुलाला वर्गाच्या पावलाबरोबर असणे सोयीचे असते. त्यांचेच मला पटले. जून ठेवला.

मग कागदावर जे उमटले ते असे होते. 10 जून 2024 पासून सहा आठवडे पूर्ण अभ्यास, त्यानंतर पाण्याच्या धास्तीचा रिकामा आठवडा आणि दोन हलके आठवडे. 12 ऑगस्टपासून पुन्हा सहा, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात विश्रांती, मग चार, मग दिवाळीचा आठवडा रिकामा, मग नोव्हेंबरचे चार. डिसेंबरचे पहिले तीन आठवडे हलके, नाताळ ते नववर्ष दोन आठवडे पूर्ण बंद. 6 जानेवारी 2025 पासून सहा, फेब्रुवारीत एक आठवडा विश्रांती, नंतर झावळ्यांच्या रविवारपर्यंत सलग सात, पवित्र सप्ताह रिकामा, 21 एप्रिलपासून तीन आठवडे फक्त सकाळचे, मेमधील तीन हलके, आणि जूनचा पहिला आठवडा बंद. पूर्ण आठवडे मोजले तर 36 भरले. मी तीनदा मोजले. ज्या अमेरिकन आकड्यावर मी गेल्या वर्षी चिडले होते, तोच आकडा विश्रांती आधी ठेवूनही जसाच्या तसा हाती आला होता, आणि यजमान यावर बरेच हसले. आठ आठवडे हलके, आठ रिकामे.

पूर्ण आठवड्याचे पाच आणि हलक्या आठवड्याचे तीन दिवस धरले तर 204 दिवस होत होते. शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा, 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस व 800 तास, आणि सहावी ते आठवीसाठी 220 दिवस व 1000 तास दिलेले आहेत. ते निकष शाळांसाठी आहेत, आणि या कायद्यात घरच्या शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख नाही. तरी स्वतःला मोजायला काहीतरी माप असावे म्हणून मी ते घेतले. चौथीच्या मुलाचे दिवस पुरले आणि तास 768 आले. सहावीच्या मुलीचे दिवस सोळा कमी पडले आणि तास 870 वर थांबले. शनिवार घेतले असते तर दोन्ही आकडे जुळले असते. मी वर्गात शिकवलेले आहे, त्यामुळे हजेरी, परिपाठ, रांगा, वह्या तपासेपर्यंतची शांतता आणि "सर येईपर्यंत वाचत बसा" यांत किती तास जातात हे मला ठाऊक आहे. शनिवार सोडून दिले.

तारखांचा प्रश्न मात्र आठवडे रंगवून सुटत नव्हता. त्यासाठी दोन गोष्टी केल्या. पाठांवरून तारीख काढून टाकली आणि फक्त क्रमांक ठेवला. ज्या दिवशी जे शिकलो ते संध्याकाळी किराणा दुकानातून आणलेल्या लांब रोजमेळाच्या वहीत लिहायचे ठरवले. जे झाले ते लिहायचे, व्हायचे राहिले ते लिहायचे नाही. दुसरी गोष्ट मुलांनी "पुढची पाळी" या नावाने ओळखली. गणित, मराठी आणि शास्त्रवाचन रोज; बाकीचे विषय, म्हणजे इंग्रजी व्याकरण, विज्ञान, इतिहास, भूगोल, चित्रकला आणि गायन, एका पट्टीवर एकाखाली एक लिहिले आणि त्यावर कपड्याचा चिमटा लावला. जेथे चिमटा असेल तो विषय घ्यायचा आणि चिमटा खाली सरकवायचा. रात्रपाळीमुळे, पाहुण्यांमुळे किंवा नळाला अवेळी पाणी आल्यामुळे एखादा दिवस बुडाला तर चिमटा जागेवर थांबतो, मागे पडण्याचा प्रश्न येत नाही. वडिलांची पाळी फिरती असते हे मुलांना जन्मापासून माहीत असल्याने विषयांची पाळी त्यांना समजावून सांगावी लागली नाही. घड्याळही याच रीतीने सोडले. सकाळची कौटुंबिक प्रार्थना, न्याहारी, गणित, हा क्रम पक्का. तो सातला सुरू होतो की साडेनऊला, हे ड्युटीचा तक्ता ठरवतो.

जुलै 2024 च्या अखेरीस कृष्णेचे पाणी खरोखरच वाढू लागले. नणंदबाई, त्यांचे यजमान आणि दोन मुले सामानासह आली, आणि दोन खोल्यांत आम्ही दहा माणसे झालो. पहिल्याच दिवशी वन्सं म्हणाल्या, "तुमची शाळा बुडवली आम्ही." मी त्यांना कॅलेंडर दाखवले. तो आठवडा एप्रिलमध्येच रंगवलेला होता. आपल्यासाठी जागा आधीपासून धरून ठेवली होती हे पाहून त्या काही वेळ बोलल्या नाहीत, मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी भाकरीचे पीठ मळायला घेतले.

त्यानंतरचे दोन हलके आठवडे त्या वर्षातील सर्वांत भरगच्च ठरले, आणि त्यात पाठ्यपुस्तक एकदाही उघडले गेले नाही. चारही मोठी मुले रोज सकाळी आयर्विन पुलाजवळची पातळी मोबाईलवरून पाहून आलेख कागदावर बिंदू मांडत. इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट, अशा दोन आडव्या रेघा त्यांनी लाल खडूने ओढल्या होत्या. मग कोयनेतून सोडलेल्या पाण्याचे आकडे कानावर पडू लागले आणि थोरलीने क्युसेक म्हणजे काय हे विचारले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28.3 लिटर, टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एखाद्या धरणातून 50,000 क्युसेक पाणी दिवसभर सुटले तर दिवसाच्या 86,400 सेकंदांत किती टीएमसी जाईल, हे तिने आणि तिच्या आतेभावाने वहीच्या दीड पानावर गुणाकार करून काढले. उत्तर 4.32 आले. कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी, मग धरण असे किती दिवस पुरेल, हा पुढचा प्रश्न त्यांनीच काढला, आणि वरून पाऊसही पडतो आहे हे मधल्याने लक्षात आणून दिल्यावर दोघेही वैतागले.

शास्त्रवाचनात नोहाची गोष्ट घ्यावी असे धाकटीने सुचवले होते. मी ती टाळली, कारण खोलीत बसलेल्या दोन मुलांचे घर त्या क्षणी खरोखर पाण्यापासून फार दूर नव्हते. आम्ही 46 वे स्तोत्र वाचले. त्यात खवळलेल्या पाण्याचाही उल्लेख आहे आणि नदीचाही, पण तो ऐकणाऱ्याला धीर देणारा आहे. पाणी ओसरल्यावर पाहुणे घरी गेले आणि आलेख मात्र बरेच महिने भिंतीवर राहिला.

डिसेंबरविषयी मी पूर्वीपेक्षा कमी लिहावे असे वाटते, कारण त्यात सांगण्यासारखा गोंधळ झाला नाही. लूककृत शुभवर्तमानाचे अध्याय 24 आहेत. 1 डिसेंबरपासून रोज एक वाचला की नाताळच्या आदल्या संध्याकाळी पुस्तक संपते. अभ्यास आठवड्याचे तीन दिवस, तोही अकरानंतर. नाटकातील संवादांचे पाठांतर मराठी म्हणून वहीत लिहिले, करंज्यांच्या पिठाचे प्रमाण दुप्पट-तिप्पट करणे गणित म्हणून. कोणी आजारी पडले नाही.

वाचनाच्या योजनेतही हीच रीत कामी आली. नीतिसूत्रांचे अध्याय 31 आहेत, म्हणून ते 31 दिवसांच्या महिन्यासाठी ठेवले; आम्ही ऑगस्ट निवडला. रूथचे पुस्तक चारच अध्यायांचे, ते फेब्रुवारीत शाळू काढणीला आलेला असताना घेतले. शेतात कणसे खुडून झाल्यावर मागे राहिलेला सरवा वेचणाऱ्या बायका सासूबाईंनी लहानपणी पाहिलेल्या होत्या आणि स्वतःही सरवा वेचलेला होता, त्यामुळे बवाजाच्या शेतातील दुसरा अध्याय त्यांनीच शिकवला. सातूची कापणी आणि शाळूची कापणी यांतला फरक त्यांनी मानला नाही. मार्कचे तेरा अध्याय राखेच्या बुधवारनंतरच्या आठवड्यांत पसरले, चौदावा आणि पंधरावा पवित्र सप्ताहासाठी राखले, आणि सोळावा पुनरुत्थानाच्या सकाळी. इतिहासात मात्र थोडा मोह झाला. मधल्याच्या चौथीच्या पुस्तकात शिवछत्रपतींचे चरित्र आहे. प्रतापगडचा पाठ 10 नोव्हेंबरच्या आसपास यावा, कारण अफजलखानाचा प्रसंग 1659 मध्ये त्याच तारखेला घडला, म्हणून मी चिमटा हाताने दोन घरे सरकवला. मुलाने तो सरकवताना मला पाहिले. तेव्हापासून त्याला चित्रकला हवी असली की तोही चिमटा सरकवतो, आणि मला बोलायला तोंड राहिलेले नाही.

जी गोष्ट साफ फसली ती सलग सात आठवड्यांची. पुनरुत्थानाचा रविवार उशिरा, 20 एप्रिलला, असल्यामुळे फेब्रुवारीतील विश्रांती आणि पवित्र सप्ताह यांच्यात सात आठवड्यांचे अंतर पडले होते, आणि एका आठवड्याने काय बिघडते असे मी म्हटले होते. मार्च संपता संपता ऊन वाढले, मधल्याने भागाकार करायचे सरळ नाकारले, थोरली उत्तरे देईनाशी झाली. सातव्या आठवड्यातील माझ्या रोजमेळात चार दिवस फक्त "गणित, वाचन" एवढेच लिहिलेले आहे, आणि त्यातलेही एक वाचन यजमानांनी रात्रपाळीहून येऊन घेतलेले आहे. मेचे आठवडे त्या मानाने सोपे गेले. सकाळी साडेसहा ते नऊ अभ्यास, मग मंडळीतील व्ही.बी.एस. (सुट्टीतील बायबल शाळा) किंवा मामाचे गाव. दुपारी बाहेर पडण्यासारखी हवाच नसते.

पुढच्या परीक्षांचा विचारही आखणीत आणावा लागला. थोरलीला दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) द्यायची झाली तर वय 14 पूर्ण लागते, आणि तेथील सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात होतात. राज्य मंडळाची वाट धरायची तर 17 नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येते, आणि ती परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, म्हणजे लेंटच्या सुमारास. माझा कल ऑक्टोबरकडे आहे, कारण बारमाही शिकणाऱ्या मुलीला एप्रिलची घाई नसते आणि ऑगस्ट-सप्टेंबरचे सहा आठवडे आमच्याकडे सर्वांत निवांत जातात. यजमानांना 17 नंबर बरा वाटतो. मुलीला यापैकी काहीच अजून वाटत नाही.

एप्रिल 2025 मध्ये, द्राक्षबागांत खरड छाटणी चालू असताना, मी रोजमेळ समोर घेऊन पुढच्या वर्षातून काय कापायचे ते ठरवले. अमेरिकन अभ्यासक्रमातील विज्ञान गेले, कारण त्यातील झाडे आणि पक्षी मुलांनी कधी पाहिलेले नाहीत, गणित ठेवले. दुसरी इंग्रजी वर्कबुक गेली. तंतुवाद्यांच्या गल्लीत महिन्यातून दोनदा जाणे मात्र वाढले, कारण गायनाच्या पाळीला आम्ही एका सतारमेकरांच्या दुकानात बसलो तेव्हा मधल्याने भोपळा कोरताना तासभर तोंड उघडले नव्हते, आणि हे घरात कधी घडत नाही.

2025-26 ची आखणी पेंटेकॉस्टच्या दुसऱ्या दिवसापासून, 9 जूनपासून, सुरू होते. 2026 मध्ये पुनरुत्थानाचा रविवार 5 एप्रिलला येतो आणि राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला, त्यामुळे तो बुधवार ज्या आठवड्यात आहे तोच रिकामा ठेवला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सहापेक्षा जास्त आठवडे येत नाहीत याची खात्री थोरलीने बोटांनी मोजून करून घेतली. रंगवण्याचे काम या वेळी तिने केले. कॅलेंडर भिंतीवर लागल्यावर सासूबाईंनी नेहमीप्रमाणे चष्मा लावून जूनपासून मेपर्यंत बोट फिरवले आणि बेंदूर कोठे आहे ते विचारले. तो लिहायचा राहून गेला होता.